चवीपुरतं

सोमवारी ऑफिसच्या मायक्रोवेव्हवर पाटी लागली: ‘उग्र वासाचे पदार्थ येथे गरम करू नयेत. इतरांस त्रास होतो.’ सही नाही, नाव नाही. ‘त्रास’च्या खाली लाल शाईच्या दोन रेघा, बेरजेखाली मारतात तशा. पण पाटी पुण्यातली, त्यामुळे रोख कुणावर आहे ते ज्याचं त्याला कळतंच. मला कळलं. शुक्रवारी मी डब्यात शेपू नेला होता.

मंडईतून आणलेल्या दोन जुड्या पेपरवर पसरून, जाड देठ बाजूला काढत मी गुरुवारची अख्खी मॅच शेपू निवडण्यात घालवली होती. भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ, झाकणावर पाणी ठेवून वाफ. एवढ्या खटपटीची भाजी झाली वाटीभर. हे ‘वाटीभर’ लक्षात ठेवा, पुढे हिशोबाला लागेल.

डबा उघडला आणि टेबल गप्प झालं. समोरच्या मॅडमनी उठून खिडकी उघडली. बाणेरच्या रस्त्यावरची धूळ आणि डंपरचा धूर त्यांना चालला. तेवढ्यात अकाउंट्समधले अण्णा आले.

‘‘शेपू? अरे देवा! मी तर शेपूच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही,’’ असं म्हणत ते माझ्या शेजारीच बसले. ‘‘लहानपणी आईनं रट्टे देऊन खायला घातलाय. डाळ कुठली घातलीत?’’

‘‘मुगाची.’’

‘‘हरभऱ्याची हवी.’’ त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. ‘‘चवीपुरतं घेतो हं.’’

चवीपुरतं मीठ असतं. अण्णांनी घेतलं ते खड्डा पडेल इतकं. डोळे मिटून चावलं. ‘‘छे. नाही आवडलं.’’

‘‘मग राहू द्या ना.’’

‘‘थांबा हो, घाई करू नका. या घासाला नुसती मिरचीच लागली, शेपू आलाच नाही.’’ दुसरा घास. ‘‘हां, आता आला. वाईट आहे.’’

तिसरा घास, वाईटपणा लसणाचा की शेपूचा ते ठरवायला. चौथा माझ्या भाकरीशी, कारण शेपूला पोळी म्हणजे विजोड जोडपं. पाचव्याला त्यांनी डबाच स्वतःपुढे ओढला, त्यांचा हात लांब पडत होता म्हणून. माणूस जन्मभर व्हाउचरं तपासत आलेला; शेवटचा कागद पाहिल्याशिवाय शेरा मारणार नाही. वाटीचा तळ भाकरीनं पुसून त्यांनी शेरा मारला, ‘‘नाही बुवा. आपल्याला शेपू नाही झेपत.’’

मोबदल्यात मला दुधीच्या दोन फोडी मिळाल्या. मोजून.

बरं, शेपूचा एवढा तिटकारा करणाऱ्या या मंडळींना कुणीतरी सांगायला हवं, की बाळंतशोपा म्हणजे शेपूचंच बी. ते चघळून आपल्या आयांनी आपल्याला पाजलं. पोट दुखलं की चमच्यानं घशात ओतलेल्या ग्राइप वॉटरमध्येही शेपूचंच तेल. आणि त्या बियांना ज्या कार्व्होनमुळे वास येतो, त्याच रेणूचं आरशातलं रूप म्हणजे आपल्या पुदिन्याचा वास! मॅडम जेवण उरकून पुदिन्याचं च्युइंगगम चघळत होत्या. मी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. ‘‘सर, प्लीज,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आत्ताच जेवलेय.’’

पाटीतल्या ‘उग्र’ या शब्दानं मात्र डोकं फिरतं. हिंगाची फोडणी उग्र नाही, मुळ्याची कोशिंबीर उग्र नाही, कुणाच्या लोणच्याचं तेल बॅगेत सांडून चार दिवस लिफ्ट दरवळते तेही नाही. शेपू तेवढा उग्र. आणि सुकट. आमच्यात एक मालवणचा मुलगा आहे. गेल्या वर्षी त्यानं एकदाच सुकट आणली. तेव्हा पाटीचीसुद्धा गरज पडली नाही, नुसत्या चेहऱ्यांवर भागलं. तेव्हापासून तो खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून जेवतो. ‘‘मोकळ्या हवेत बरं वाटतं,’’ म्हणतो. त्या दिवशी नाक धरून हसणाऱ्यांत मीही होतो, आणि माझं नाक बरंच वर धरलेलं होतं. असो.

तर शुक्रवारी दोन फोडी दुधी आणि अर्ध्या भाकरीवर मी चारच्या मीटिंगला बसलो. एसी चालू, दार बंद. पोटात कावळे, त्यामुळे आकडे दिसत होते पण कळत नव्हते. शेपू ज्यांनी खाल्लाय त्यांना ठाऊक असेल, तो पोटात गेला तरी तोंडाशी संबंध तोडत नाही. संध्याकाळपर्यंत ढेकरांतून खुशाली कळवत राहतो. साहेब तिमाहीच्या खर्चावर बोलत असताना अण्णांच्या दिशेनं एक ढेकर आला. आवाज त्यांनी कौशल्यानं खोकल्यात दडपला. वासाला खोकला आडवा येत नाही.

साहेब थांबले. ‘‘शेपू खाल्लाय का कुणी?’’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णांनीही. नाकाला रुमाल लावून.