मासळी बंद करू नका, कोराडी वीज केंद्राच्या चिमण्यांचा हिशोब मागा

व्हॉट्सॲपवर परत तोच मेसेज फिरून राहिला, समुद्राच्या मासळीत पारा आहे, खाणं बंद करा. आणि आपल्या नागपुरात लोक म्हणतात, जाऊ द्या ना, समुद्र कुठं आपल्याजवळ आहे. मला दोन्ही पटत नाही म्हणून लिहितेय.

पारा आहे हे खरंच. पाण्यातले जीवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी रूप, करतात, ते बारीक जीवांत, मग लहान माशात, मग त्याला खाणाऱ्या मोठ्या माशात जातं आणि दर पायरीला वाढत जातं. म्हणून मुशी (शार्क), मोठा टूना यांच्यात जास्त, अन् बांगडा, तारली, मांदेली यांच्यात कमी. ते माशाच्या मांसातच बसलेलं असतं, धुवा, तळा, चिंचेच्या कोळात बुडवा, निघत नाही. घरात कोणी गरोदर असेल, लहान लेकरं असतील तर मुशी नकोच. पण मासळीच बंद नका करू बाप्पा, बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा थ्री त्यातच आहे, मंगळवारी बाजारात गेलात की लहान मासे मागा.

जपानमधे मिनामाताला कारखान्याचं पारा असलेलं सांडपाणी समुद्रात जायचं. मांजरं झटके येऊन मेली, मग माणसं आजारी पडली, १९५६ मधे हा रोग अधिकृतपणे नोंदला गेला आणि तरी ते पाणी १९६८ पर्यंत सोडणं चालूच होतं. बारा वर्षं! माहीत असून!! मला याचा अजूनही संताप येतो.

आता आपलं बघा. माणसांमुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यात सोन्याच्या छोट्या खाणींनंतर दगडी कोळशाचाच नंबर लागतो. कोळशात तो अगदी थोडा असतो पण कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांत तो कोळसा रोज जळतो किती, आणि धुरातला पारा कित्येक महिने हवेत राहून हजारो किलोमीटरवर पावसासोबत उतरतो, समुद्रातही. राखेतही थोडा पारा उरतो, २०२२ च्या जुलैत कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला तेव्हा राख नाल्यात गेली, आणि आपल्याकडचं पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरातच जातं. मग समुद्र आपल्यापासून लांब कसा?

डिसेंबर २०१५ मधे केंद्रानं औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्याला मर्यादा घातली, घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. २०२३ मधे कोराडीत ६६० मेगावॉटच्या दोन नव्या युनिटसाठी जनसुनावणीही झाली. मला फक्त एवढंच पाहिजे की कोणत्या चिमणीतून किती पारा निघाला हा आकडा दर महिन्याला, मराठीत, कोराडीच्या मंदिराच्या रस्त्यावर मोठ्या बोर्डावर लागावा. ज्यांना हे पटतं त्यांनी कमेंटमधे लिहा, आपण मिळून लेखी मागणी देऊ.