झाड न बघता बाग कशी बघावी

बडोद्याच्या कमाटीबागेत सहकुटुंब जायचं ठरवलंत, तर एक धोका आधीच सांगून ठेवते: तिथे झाडं आहेत. शंभर एकरांहून मोठी बाग, मधून विश्वामित्री वाहते, आणि माणूस जरा गाफील राहिला की एखादं झाड थेट नजरेला पडतं. आमची तिसरी पिढी दांडियाबाजारातून त्या बागेत जाते आहे आणि अजून एकालाही काही झालेलं नाही. म्हणून हा अनुभवाचा सल्ला. फुकट आहे, घ्या.

सकाळी सातला निघायचं असं रात्री ठरवा. ठरवायलाच हवं, नाहीतर उशीर किती झाला ते मोजणार कशावरून? सातला अण्णाकाका अंघोळीला जातात. आठला थेपल्यांचं पीठ मळायला घेतलं जातं (घेणारी कोण, हे सांगायला नको). नऊला पुण्याहून आलेल्या शकूआत्या 'माझ्यासाठी खोळंबू नका गं' म्हणत साडीची पिन शोधू लागतात. मग वाटेत सेवउसळ. ती टाळून बडोद्यात कुठेही पोचता येत नाही. साडेअकराला बागेत पाय पडला की वेळ साधली म्हणायची. पहाटे फिरायला येणाऱ्यांना म्हणे झाडं नावानिशी ओळखू येतात. साडेअकरानंतर ती भीती नाही. तेव्हा झाड हे झाड राहत नाही, सावली होतं, आणि सावलीला नाव-गाव विचारायची आपल्यात पद्धत नाही.

महिना शक्यतो जानेवारी, उत्तरायणानंतरचा रविवार. तेव्हा गावातल्या यच्चयावत झाडांना एकच फळ लागलेलं असतं. कडुनिंबाला पतंग, वडाला पतंग, चिंचेला पतंग. मुलांचं सगळं लक्ष शेंड्याकडे, त्यातला कोणता काढता येईल याकडे. पानाफुलांवर नजर जात नाही. एखादं पाखरूही मांज्यात अडकून तिथेच लटकत असतं. ते दिसलं तर 'अरेरे, काय हे लोक' म्हणून पुढे सरकावं. आपल्या गच्चीवरचा मांजा वेगळा असतो.

दोन रिक्षांतून येणाऱ्यांनी भेटायची जागा ठरवावी काळा घोडा. मग एक रिक्षा घोड्याच्या तोंडाशी आणि दुसरी शेपटाशी, अशी दोन्ही कुटुंबं अर्धा तास एकमेकांना फोन करत उभी राहतात. घोड्यावर सयाजीराव महाराज बसलेले आहेत, हे शकूआत्यांना याच खेपेला कळलं. पुतळा महाराजांचा, नाव घोड्याचं. बडोद्याची बघण्याची रीत ही अशी आहे आणि बागेतही तीच पाळायची आहे.

आत शिरताना कुणीतरी इतिहास सांगावा लागतो. आमच्याकडे ते खातं अण्णांचं. बाग १८७९ सालची. महाराज तेव्हा अवघे सोळा वर्षांचे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून १८७५ साली दत्तक आलेले. राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले १८८१ च्या डिसेंबरात, तोवर कारभार दिवाण सर टी. माधवराव बघत होते. इथे अण्णा थांबतात आणि "सोळाव्या वर्षी!" असं म्हणून आमच्या सोळा वर्षांच्या लेकीकडे बघतात. तिला तुळशीला पाणी घाल म्हटलं तर ती 'काल घातलं होतं ना' म्हणते. ती फोनमधून मान वर काढत नाही आणि इतिहासाचा तास संपतो.

त्यापुढचा भाग अण्णा सांगत नाहीत, मीच सांगते. १८९३ साली क्रुंबिगेल नावाचा एक जर्मन, लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला, बडोदा संस्थानच्या वनस्पती उद्यानांचा क्युरेटर म्हणून इथे आला. वर्ष-दोन वर्षं नाही, चौदा वर्षं राहिला. १९०७ साली म्हैसूर संस्थानाने त्याला नेलं, आणि आज बेंगळूरचे लोक तिथल्या लालबाग उद्यानाच्या निमित्ताने त्याचं नाव घेतात. आपण घेत नाही. क्रुंबिगेल म्हणायला जीभ वळत नाही. काळा घोडा सोपं पडतं.

आता मुख्य कार्य: चादर. सगळ्यांत मोठा घेर असलेलं झाड शोधा आणि त्याच्या बुंध्याकडे पाठ करून बसा. पाठच करायची, नाहीतर डबे उघडताना मुंग्यांची रांग दिसते. ऊन सरकेल तशी चादर सरकवत राहा. तारांगणही बागेतच आहे, पण सूर्य कुठून कुठे जातो हे चादरीवर बसून फुकटात कळतं. थेपले, लीलो चिवडा, उरलेला उंधियू, शकूआत्यांनी पुण्याहून आणलेली आणि कुणालाच न आवडलेली नाचणीची बिस्किटं, हे सगळं संपेतो दीड वाजतो. खारीला बिस्किट टाकून बघितलं. तिनेही हुंगून सोडून दिलं. कागदी द्रोण उचलायची घाई करू नका, कचरापेटी दहा पावलांवर असते. दहा पावलं म्हणजे लांबच.

सगळी खबरदारी घेऊनही आमच्यावर एकदा प्रसंग आलाच. हात पुसायला मी बुंध्याकडे वळले आणि समोर पत्र्याची पाटी. हिरव्या रंगाची, पांढऱ्या अक्षरांची, कुणी कधीकाळी दोन खिळ्यांनी ठोकलेली. पण त्यानंतर झाड गप्प बसलं नव्हतं. सालीचा जाड ओठ चारी बाजूंनी पुढे आला होता आणि त्याने पाटी चावत-चावत आत घेतली होती. डावीकडचा खिळा नाहीसा, उजवीकडचा अर्धा. मधे फक्त 'फायकस' एवढीच इंग्रजी अक्षरं उरलेली, आणि पत्रा कढईतल्या पापडासारखा वाकलेला. मी बोट लावून बघितलं. पाटी हलत नव्हती. आता ती झाडाची झाली होती.

फायकस म्हणजे वड, पिंपळ, उंबर या सगळ्यांचं आडनाव. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली झाडांना दोन-दोन नावं द्यायची पद्धत घालून दिली, त्यात आधी आडनाव आणि मग नाव. जगाला हे विचित्र वाटलं असेल. गुजरातेत राहणाऱ्याला अजिबात वाटत नाही. आमच्या पुष्कळ सरकारी कागदांवर आधी आडनाव, मग नाव असंच असतं. माझ्या पुण्याच्या मामेभावाला मात्र अजून वाटतं की माझं नाव बदललं. तर या झाडाने आडनाव ठेवून नाव गिळलं होतं. नुसत्या आडनावावर माणूस सापडत नाही, झाड कुठून सापडणार? मी सुटले आणि पुन्हा पाठ करून बसले.

पाट्या नसल्या की अण्णांसारखे लोक कामाला येतात. घरात असा एक जाणकार हवाच. त्यांना झाडाचं नाव विचारलं तर ते नाव सांगत नाहीत, रोग सांगतात. "हे? हे मधुमेहावर उत्तम." पुढचं? "सांधेदुखी." त्याच्या पुढचं? "मधुमेह, पण उपाशीपोटी." बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी अर्ध्या बागेला औषधी करून ठेवलंय. प्रत्येकाचं पान तोडून, चुरगळून, हुंगून सगळ्यांच्या नाकाशी धरतात. 'फूल तोडवानी सख्त मनाई छे' या पाटीखाली उभं राहून तोडतात, कारण तिच्यात पानांबद्दल काही लिहिलेलं नाही. दसऱ्याला हाच न्याय. आपट्याचं पान जाड आणि लहान, कांचनाचं मोठं आणि पातळ; पण दोन्ही मधोमध दुभंगलेली, तेव्हा सोनं ते सोनं म्हणून आम्ही दर वर्षी कांचन ओरबाडतो. कण्हेरीपाशी मात्र जाणकाराला एकटं सोडू नका. ती मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी, आणि अण्णांची पेन्शन चालू आहे.

आणखी एक आवडता कार्यक्रम म्हणजे बुंध्यावर नाव कोरणं. तरुण जोडप्यांना वाटतं, झाड वाढेल तसं आपलं नाव आभाळाला टेकेल. तसं होत नाही. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. बुंधा नुसता जाड होतो. त्यामुळे कोरलेलं नाव आहे त्याच उंचीवर राहतं आणि वर्षागणिक आडवं सुटत जातं. लग्नानंतर जोडप्याचंही तेच होतं म्हणा. तरी कोरा. पानांनी केलेलं अन्न मुळांकडे नेणारा थर सालीच्या आतल्या बाजूलाच असतो, आणि चहूबाजूंनी गोल साल काढली तर मुळं उपाशी मरतात. पण एवढी चिकाटी कुणात असते? बहुतेकांचा चाकू बदामातच बोथट होतो.

सगळ्यांत जपायचं ते लहान मुलांना. त्यांना प्रश्न पडतात. आमच्या ईशानला शकूआत्यांनी उंच, सरळसोट, पानं खाली सोडलेली झाडांची रांग दाखवून सांगितलं, "हा बघ अशोक. लंकेत सीतामाई ह्याच्याच खाली बसली होती हो."

ईशान जाऊन त्या झाडाखाली बसला. मग आडवा बसला. मग पाय पोटाशी घेऊन बसला. कसंही बसलं तरी अर्धं अंग उन्हात.

"आजी, ह्याच्यापेक्षा माझी सावली मोठी आहे. सीता बारीक होती का?"

शकूआत्या म्हणाल्या, "तेव्हा झाडं मोठी असायची." हे उत्तर इतकं चांगलं होतं की विषय तिथेच मिटायचा. पण शेजारी माळी नळी गुंडाळत होता. माळी टाळा, हे मी कळकळीने सांगते. पगार पाणी घालायचा आणि माहिती सगळ्या बागेची, अशी ही माणसं.

"आ तो आसोपालव छे, बेटा," तो म्हणाला. "अशोक जुदो. बतावुं?"

गुजरातेत दारादारावर ज्याचं तोरण लागतं तो हा आसोपालव, आणि मराठी माणूस त्यालाच अशोक म्हणत आयुष्य काढतो. खरा सीता-अशोक बसकट, दाट पानांचा, खाली अंधार पडेल असा. नारिंगी फुलांचे झुबके येतात, पुढे ते लालसर होतात. आणि गंमत म्हणजे त्या फुलाला पाकळ्या नसतातच, रंग असतो तो निदलांना, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या दलांना. हे सगळं मला तेव्हाच आठवलं होतं, पण मोठ्यांसमोर बोलायचं कसं? मी "हो हो भाई, पछी" म्हणून हसले. ईशान तोवर त्याच्या मागे निघून गेला होता.

पुढची वीस मिनिटं विचारू नका. अण्णा बागेतल्या मुलांच्या आगगाडीच्या रांगेत, लेक पाणी आणायला, शकूआत्या 'ईशाSSन' करत नदीकडे, आणि नदीत मगरी. विश्वामित्रीच्या मगरी थट्टेचा विषय नाहीत. २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांच्या आवारात शिरल्या होत्या. शेवटी पोरगा सापडला, एका बुटक्या झाडाखाली उकिडवा बसलेला. माळी बाजूला विडी न पेटवता हातात धरून उभा.

"आई, इथे सगळी मावते," ईशान म्हणाला. सगळी म्हणजे सीता.

आगगाडी चुकली ती चुकलीच. म्हणून सांगते, झाडांवर असा वेळ गेला की भरपाई म्हणून तडक संग्रहालयात शिरा. १८९४ सालची इमारत, आत इजिप्तची ममी आणि सत्तर फुटांहून लांब निळ्या देवमाशाचा सांगाडा. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला. वनस्पती उद्यानाची सहल सांगाड्याखाली संपवण्यात एक सोय आहे: त्याला पानं नाहीत. अण्णा त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. मला धास्ती वाटत होती, पण त्यांना मधुमेहावर काही सुचलं नाही.

जाता जाता फुलांच्या घड्याळापाशी सामुदायिक फोटो. काटे फिरवणारं यंत्र जमिनीखाली आहे, तबकडीवर खरी रोपं. आमच्यापैकी नऊ जणांनी त्याच्यासमोर फोटो काढला आणि लगेच मोबाइलवर किती वाजले ते बघितलं.

रात्री लेकीने कुटुंबाच्या ग्रुपवर दोनशे चौदा फोटो टाकले. त्यांत झाड म्हणाल तर एकातच: चादरीवर आम्ही सगळे, मागे बुंधा, माझ्या डोक्यामागून डोकावणारा वाकडा हिरवा पत्रा. नागपूरच्या वहिनींनी विचारलं, 'छान! मागे कसलं झाड?' पुण्याहून उत्तर आलं औदुंबर, दत्तगुरूंचा फोटो जोडून. ठाण्याहून वड. ग्वाल्हेरच्या काकूंनी लिहिलं अशोक. वीस मिनिटं हे चाललं. मग माझ्या फोनवरून, मला न विचारता, ईशानने लिहिलं: 'नाव झाडाने खाल्लं.'

त्यावर अण्णांचा अंगठा आला. खाली एक ओळ: 'साल उगाळून घ्यावी. मधुमेह.'