रिटुक्सिमॅबबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

प्लेटलेट्स कमी असलेल्यांच्या घरी सध्या एक मेसेज हमखास येतो. त्याचं सार असं: "डॉक्टर रिटुक्सिमॅब सांगतील, घेऊ नका. ती कॅन्सरची किमो आहे, आपल्यावर परदेशी प्रयोग चाललाय, प्रतिकारशक्ती कायमची जाते आणि लाखोंचा धंदा आहे. पपईच्या पानांचा रस पुरेसा आहे." मी पुण्यातल्या एका रुग्णालयात डे-केअरला सिस्टर आहे. सलाईन लावायच्या वेळी पेशंट मोबाइल पुढे करतात, "सिस्टर, हे खरं का?" म्हणून सविस्तर लिहितेय.

"ही किमो आहे." नाही. 1997 साली अमेरिकेत या औषधाला पहिली मान्यता लिम्फोमा या कॅन्सरसाठी मिळाली, एवढं खरं. पण 2006 मध्ये ती संधिवातासाठी मिळाली आणि 2018 मध्ये पेम्फिगस या त्वचेवर फोड येणाऱ्या आजारासाठी. आयटीपी या आजारात शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्सविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि अशा प्लेटलेट्स प्लीहेत नष्ट होतात. रिटुक्सिमॅब ही प्रयोगशाळेत घडवलेली अँटिबॉडी आहे. अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशी बी पेशींपासून बनतात; त्या बी पेशींवरच्या सीडी20 या प्रथिनाला चिकटून ती त्या पेशी कमी करते. किमोसारखे सगळे केस जात नाहीत.

"परदेशी प्रयोग." कुत्रा चावल्यावर जखमेत टोचतात ते रॅबिशील्ड आपल्या पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटचं, आणि तीही अशीच प्रयोगशाळेत घडवलेली (मोनोक्लोनल) अँटिबॉडी. आयटीपीत आधी स्टेरॉइड देतात. त्याने भागलं नाही तर पुढच्या पर्यायांत रिटुक्सिमॅब असतं, आणि अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांतही ते आहे.

"प्रतिकारशक्ती कायमची जाते." बी पेशी जिथून जन्मतात त्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींवर सीडी20 नसतं. त्यामुळे साधारण 6 ते 12 महिन्यांत बी पेशी परत येतात. मधल्या काळात जंतुसंसर्गापासून जपावं लागतं, लसी नीट लागू पडत नाहीत, म्हणून शक्य असेल तर लसीकरण आधी उरकतात. काहींमध्ये अँटिबॉडीची पातळी बराच काळ कमी राहते, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

खरी भीती वेगळीच आहे, आणि मेसेजमध्ये तिचं नावही नाही याचा मला फार राग येतो. पूर्वी कधी हिपॅटायटिस बी होऊन गेला असेल, तर या औषधाने तो पुन्हा उसळू शकतो. यकृत निकामी होऊन माणूस दगावू शकतो. म्हणून पहिल्या डोसआधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या दोन्ही रक्ततपासण्या झाल्यात का, हे विचारा. नातेवाइकांनी विचारलेलं आम्हाला आवडतं.

पहिला डोस दिवसभराचा असतो. आधी पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीचं औषध देतो, मग पंपावर तासाला 50 मिलिग्रॅमने सुरुवात. दर अर्ध्या तासाला बीपी, ताप बघायचा आणि सगळं ठीक असेल तरच वेग वाढवायचा. कुणाला हुडहुडी भरते, कुणाचा घसा खवखवतो. पंप थांबवतो, पांघरूण घालतो, डॉक्टरांना बोलावतो, मग हळू पुन्हा चालू.

"लाखोंचा धंदा." महाग आहे, नाकारत नाही. पण 2007 मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने भारतीय बनावटीचं रिटुक्सिमॅब आणलं, नंतर इतर कंपन्याही आल्या. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. आणि हमीही कुणी देत नाही: शंभरातल्या साठेक जणांना सुरुवातीला गुण येतो, पाच वर्षांनंतर तो वीस-पंचवीस जणांतच टिकतो. बाकीच्यांसाठी एल्ट्रोम्बोपॅग, रोमिप्लोस्टिम ही प्लेटलेट्स वाढवणारी औषधं किंवा प्लीहेची शस्त्रक्रिया असे पर्याय आहेत.

"पपईचा रस पुरेसा आहे." पावसाळ्यात पुण्यात डेंगी वाढला की हा रस घरोघरी निघतो. डेंगीत ताप उतरला की काही दिवसांत प्लेटलेट्स आपोआप वाढतात आणि श्रेय रसाला जातं. आयटीपीत अँटिबॉडी बनतच राहतात, तिथे रसाच्या भरवशावर थांबणं धोक्याचं. त्यातही प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करणं सगळ्यात वाईट.

नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे, दाबूनही न जाणारे लाल ठिपके दिसले तर त्याच दिवशी सीबीसी ही रक्ततपासणी करा. त्यासोबत डोकं जोरात दुखत असेल, उलट्या होत असतील, शी काळी होत असेल किंवा हिरड्यांतलं रक्त थांबत नसेल, तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा.