आरोग्याच्या फॉर्ममधला एक रकाना

आज दुपारी एका तरुण पत्रकार मैत्रिणीचा फोन आला. रडत होती. युद्धक्षेत्रात जायचं ठरलं होतं, प्रशिक्षण झालं होतं, व्हिसा हातात होता. मग आरोग्याचा फॉर्म आला आणि तिने खरं ते लिहिलं: डिप्रेशन, अनेक वर्षांपासून, गोळ्या नियमित चालू. लगेच तिच्या जागी दुसऱ्याचं नाव लागलं. वर ‘तुझ्याच भल्यासाठी’ हेही ऐकवलं. त्या दुसऱ्याने त्याच रकान्यात काय लिहिलं असेल, हे आपल्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ‘नाही’. आपण सगळे हेच लिहितो.

संतापाने हात थरथरतायत, म्हणून जरा विस्कळीत लिहिलं जाईल.

मला डिस्थायमिया आहे. वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसलेलं नैराश्य. ते मला युद्धाने दिलेलं नाही, पहिला तोफगोळा ऐकायच्या कितीतरी आधीपासून आहे. पण लोकांना सरळ गोष्ट हवी असते: गेली, भयंकर काही पाहिलं, मन मोडलं. पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे लागणारा मानसिक आजार, झाला म्हटलं की माना आदराने हलतात. फर्गल कीन यांनी जानेवारी २०२० मध्ये त्याच कारणाने बीबीसीचं आफ्रिका संपादकपद सोडलं, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या धैर्याचं कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. पण कुठल्याच मोहिमेवर न मिळवलेलं, घरूनच सोबत आलेलं डिप्रेशन असेल तर? मग तुम्ही ‘कच्च्या’ ठरता.

मार्च २०२२. युक्रेनमधलं खारकीव्ह शहर. मेट्रो स्थानकांत कुटुंबंच्या कुटुंबं गाद्या टाकून राहत होती. आम्हीही एका तळघरात. गोळाबार चालू असताना मी व्यवस्थित असायचे. ऐकायला बरं वाटणार नाही, पण तसंच होतं. कुठे आडोसा आहे, गाडी कुठे उभी आहे, फोनची बॅटरी किती उरली, एवढ्यातच मन गुंतायचं आणि डोक्यातलं ते रोजचं, मला नालायक ठरवणारं बोलणं गप्प व्हायचं. त्रास व्हायचा शांत सकाळी. अशाच एका सकाळी मला उठताच आलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून होते. आमची दुभाषी आली, तिला उशाशी गोळ्यांची स्ट्रिप दिसली. काय झालंय, का झालंय, काही विचारलं नाही. गोळीचं नाव आणि किती मिलिग्रॅम, एवढंच विचारलं. मग माझं बुलेटप्रूफ जॅकेट ओढून घेतलं. त्यातल्या कार्डावर माझा रक्तगट होता, त्याच्याखाली तिने गोळीचं नाव आणि डोस युक्रेनियनमध्ये लिहिला. म्हणाली, “तुला उद्या काही लागलं तर उचलणाऱ्याला हे कळायला हवं.”

इतकी साधी अक्कल मोठमोठ्या न्यूजरूमना का नसावी?

कारण त्या कार्डावरच्या ओळीवर खरोखर जीव अवलंबून असतो. एसएसआरआय या गटातली नैराश्यावरची गोळी चालू असलेल्या माणसाला जखमेच्या वेदनेसाठी ट्रॅमाडॉल दिलं, तर सेरोटोनिन सिंड्रोमचा (शरीरात सेरोटोनिन घातक प्रमाणात वाढण्याचा) आणि आकडीचा धोका वाढतो. गोळी एकदम बंद पडली तर चक्कर येते, झोप उडते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं, चिडचिड होते. चेकपोस्टवर बंदूकधाऱ्यासमोर उभं असताना हे नकोय. आम्हाला टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणारा आवळपट्टा, बांधायला शिकवतात, डोळे मिटूनसुद्धा जमेपर्यंत शिकवतात. औषधं किती दिवसांची न्यायची, रस्ता बंद झाला तर काय करायचं, हे कोणी काढतच नाही. कारण काढलं तर कुणीतरी गोळी घेतं हे मान्य करावं लागेल. लपवायला तुम्ही भाग पाडता, आणि लपवलं म्हणून धोका वाढला की म्हणता, बघा, हे लोक धोकादायक असतात.

हो, ऐन तीव्र झटक्यात असलेल्या माणसाने जाऊ नये. त्याच्या चुकीने चालकाचा, कॅमेरामनचा जीव जाऊ शकतो. मान्य. पण ते त्याच्या डॉक्टरने त्याच्याशी बोलून ठरवायचं, एचआरने एका रकान्यावरून नाही.

आणि कृपा करून दर वेळी छायाचित्रकार केव्हिन कार्टरचं नाव पुढे करू नका. सुदानमधल्या त्या एका फोटोने, भुकेलं मूल आणि मागे बसलेलं गिधाड, त्याचा जीव घेतला, ही कथा सांगायला सोयीची आहे. १९९४ च्या एप्रिलमध्ये त्याचा जवळचा मित्र केन ऊस्टरब्रुक गोळीबारात मारला गेला होता. पैशांची ओढाताण होती, नैराश्य होतं. जुलैमध्ये कार्टरने आत्महत्या केली. त्याच्या आयुष्यातून एवढाच धडा काढायचा का, की अशा माणसाला कामच देऊ नका? टोरंटोचे मानसोपचारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांनी १४० युद्धपत्रकारांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या सुमारे २१ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी मेजर डिप्रेशन झालेलं होतं. ही सगळी माणसं वगळली तर बातमी आणणार कोण?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या दुभाषीचाच विचार येतोय. मी परत आले. माझ्याकडे डॉक्टर होते, रजा होती, दार लावून झोपता येईल अशी खोली होती. परतल्यावरचे ते महिने मला युद्धापेक्षा जड गेले, तरी ते काढायला जागा तरी होती. तिचं तर शहरच ते होतं. ती रोज आमच्यासोबत दुसऱ्यांच्या तोंडून त्यांच्या घरातले मृत्यू ऐकायची, आणि ‘मी’ म्हणत ते आम्हाला सांगायची. “मी मुलाला तिथेच सोडून पळाले.” हे वाक्य आधी तिच्या तोंडून जायचं, मग माझ्या वहीत यायचं. तिच्यासाठी विमा नव्हता, समुपदेशक नव्हता, कुठला फॉर्मही नव्हता. माझ्या गोळीचं नाव तिने कार्डावर लिहिलं. ती रात्री झोपते का, हे आमच्या ऑफिसातल्या एकाही माणसाने विचारलं नाही. बाहेरून येणाऱ्या पत्रकारांच्या मनाबद्दल निदान आता चर्चा होते. फिक्सर (पत्रकारांसाठी भेटीगाठी, परवानग्या जुळवणारे स्थानिक), दुभाषी, चालक यांच्याबद्दल कोण बोलतं?

संपादक मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण हे वाचताय. ‘मानसिक आजार आहे का?’ हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी विचारा: कोणती औषधं चालू आहेत, ती पुरेशी आहेत का, आणि वाईट दिवस आला तर आमच्यापैकी कुणाला फोन करशील? हेच प्रश्न स्थानिक सहकाऱ्यांनाही विचारा, आणि त्यांच्या उपचाराचा खर्च बजेटमध्ये धरा.

आणि गोळ्या लपवून निघणाऱ्यांनो, प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं जेनेरिक, म्हणजे कंपनीचं नव्हे तर मूळ औषधाचं, नाव लिहून घ्या. जादा साठा घ्या आणि दोन बॅगांत विभागून ठेवा. सोबतच्या एका तरी माणसाला सांगा. परतल्यानंतरची डॉक्टरची वेळ निघण्याआधीच ठरवून टाका, कारण परतल्यावर फोन उचलायचंही बळ नसतं. काही अडलं तर मला इनबॉक्स करा, रात्री कितीही वाजता.