चर्चला जाणारा कम्युनिस्ट खासदार

फ्रान्सच्या शेतकऱ्यांनी रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे लावले की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ येतात. खाली ठरलेलं वाक्य: ‘आपल्याकडे असं कधी होणार?’ आणि आपल्याकडच्या एखाद्या शेतकरी नेत्याने पक्षाचं तिकीट घेतलं की हीच मंडळी लिहितात, ‘विकला गेला!’

मी राहतो तो लांगडॉक म्हणजे दक्षिण फ्रान्सचा द्राक्षपट्टा. गावोगावी वाइनचे सहकारी कारखाने आहेत. सप्टेंबरात द्राक्षांच्या ट्रॉल्यांची रांग लागते. आधी वजन, मग साखरेचं प्रमाण. आपल्याकडे उसाला उतारा बघतात ना, तसंच. इथल्या एमान्युएल माफ्र-बोजे या बागायतदाराला ‘विकला गेला’ म्हणणं अगदी सोपं होतं. श्रद्धाळू कॅथलिक माणूस, आणि १९७९ मध्ये कम्युनिस्टांच्या यादीतून युरोपीय संसदेत गेला! दहा वर्षं तिथे होता.

पण त्याआधीचं बघा. इटलीहून स्वस्त वाइन येत होती, इथे भाव पडले होते. ४ मार्च १९७६ ला इथल्याच माँरेदाँ गावात बागायतदारांच्या आंदोलनात गोळीबार झाला. एक बागायतदार आणि एक पोलीस अधिकारी, दोघेही गेले. स्पेनला युरोपीय बाजारात घेण्याला कम्युनिस्टांचा विरोध होता आणि बागायतदारांना नेमकी त्याचीच धास्ती होती. माणूस आपला प्रश्न घेऊन त्या दारात गेला. यात विकलं जाण्यासारखं काय आहे? फळ मिळालं नाही, हे खरं. १ जानेवारी १९८६ ला स्पेन आत आलाच, आणि पुढे द्राक्षवेली उपटायला युरोपने अनुदान दिलं.

आपल्याकडे शेतकरी संघटनेचे शरद जोशी स्वित्झर्लंडच्या बर्नमधली नोकरी सोडून आंबेठाणला आले, चाकणला कांद्यासाठी रस्त्यावर उतरले, पण त्यांचं मागणं बाजार खुला करण्याचं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा नाशिककरांचंही तेच म्हणणं होतं: माल बाहेर जाऊ द्या. पुढच्याच महिन्यात इथे ट्रॅक्टर निघाले, ते बाहेरचा माल आत येऊ नये म्हणूनसुद्धा.

तेव्हा व्हिडिओ जरूर पाठवा, पण मागण्याही वाचा. उद्या युरोपने खरंच दारं लावून घेतली, तर नाशिक-सांगलीहून नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराला निघालेले आपल्या द्राक्षांचे कंटेनरही त्याच दाराशी अडतील.