लेस्टरचं जेतेपद म्हणजे लॉटरी नव्हती

दर मे महिन्यात फुटबॉलच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: "२०१५-१६ ची प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची अव्वल लीग, लेस्टर सिटीने जिंकली, कारण त्या वर्षी मोठे संघ झोपले होते. लेस्टरला युरोपातल्या क्लब स्पर्धांचं ओझं नव्हतं, पेनल्टी खिरापतीसारख्या मिळाल्या, आणि खेळ काय तर लांब बॉल मारा नि स्ट्रायकर व्हार्डीला पळवा. खरा सर्वोत्तम संघ टॉटनहॅम होता. पुढच्याच वर्षी लेस्टर बाराव्या क्रमांकावर गेलं, म्हणजे सगळं नशीबच." तो मोसम मी जवळजवळ सगळा पाहिला आहे आणि हे वाचून दर वेळी वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा वासरांत लंगडी गाय शहाणी असल्याचा. लेस्टरचे ८१ गुण झाले आणि दुसऱ्या आलेल्या आर्सेनलचे ७१. दहा गुणांचं अंतर. १९९६-९७ ला मँचेस्टर युनायटेड ७५ गुणांवर विजेते झाले, १९९७-९८ ला आर्सेनल ७८ वर, १९९८-९९ ला युनायटेड ७९ वर, २०१०-११ ला परत युनायटेड ८० वर. १९९८-९९ च्या युनायटेडने तर त्याच वर्षी तीन करंडक उचलले. त्या संघाला कुणी लंगडी गाय म्हणत नाही. हो, २०१३-१४ मध्ये ८१ पुरले नसते. मँचेस्टर सिटीला ८६ लागले होते, ते मान्य. पण प्रत्येक विजेता आपल्या वर्षातच खेळतो.

आणि मोठे संघ खरोखर झोपले होते का? चेल्सी कोसळली, यात वाद नाही. ८७ गुणांवरून ५० वर आणि थेट दहाव्या स्थानी. पण टॉटनहॅम ६४ वरून ७० वर गेलं होतं. बाकीच्यांचे गुण हवेत विरले नाहीत, मधल्या क्लबांनी ते ओढून नेले. वेस्ट हॅमने पहिल्या सहा आठवड्यांत आर्सेनल, लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी या तिघांना त्यांच्याच मैदानावर हरवलं. नव्याने वर आलेल्या बोर्नमथने डिसेंबरमध्ये चेल्सी आणि युनायटेडला लागोपाठ धूळ चारली. त्या वर्षी सोपा असा सामना फारसा उरलाच नव्हता, आणि तो कुणालाच उरला नव्हता. त्याच वेस्ट हॅमच्या घरी १५ ऑगस्टला जाऊन लेस्टर २-१ ने जिंकून आलं.

सबंध मोसमात लेस्टर तीनच सामने हरलं: आर्सेनलशी दोन, लिव्हरपूलशी एक. उरलेल्या सतरा क्लबांपैकी एकालाही त्यांना हरवता आलं नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकदा गाठ पडते. अडतीस सामने पडत नाही.

युरोपातल्या स्पर्धांत नसल्याचा फायदा झाला, हे उघड आहे. आठवड्याच्या मध्ये विश्रांती मिळे, दोन्ही कपांतूनही लेस्टर लवकर बाहेर पडलं. पण शरद ऋतू लागल्यावर इंग्लंडचे सहाच क्लब युरोपात उरले होते. म्हणजे चौदा क्लबांना तीच सवलत होती. पुढच्या वर्षी चेल्सीही युरोपाविना खेळून ९३ गुणांनी विजेती झाली, आणि तिला नशीबवान म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

पेनल्टी १३ मिळाल्या, खरं आहे. त्यांतल्या तीन वाया गेल्या, तेही कुणी लिहीत नाही. बचावफळीच्या मागे धावत सुटणारा व्हार्डी आणि बॉल डाव्या पायावर घेत आत वळून बचावपटूंच्या घोळक्यात शिरणारा महरेझ ज्या संघात आहेत, त्यांना पाडल्याशिवाय अडवायचं कसं, हा प्रश्न प्रतिस्पर्ध्यांपुढे दर आठवड्याला होता.

आता 'लांब बॉल आणि व्हार्डी'. या मुद्द्यावर मला थांबायचंय, कारण इथेच त्या मोसमाचं मर्म आहे.

सुरुवातीला लेस्टर मजेशीर पण गळका संघ होता. पहिल्या नऊ सामन्यांत एकदाही क्लीन शीट (गोल न खाता संपवलेला सामना) नाही, १७ गोल खाल्लेले. २६ सप्टेंबरला आर्सेनलने त्यांना घरच्या मैदानावर ५-२ ने झोडपलं. त्यानंतर प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरींनी दोन्ही फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, बदलले. पुढे धावत जाणाऱ्या डी लाट आणि श्लुपच्या जागी, जागा सोडायला नाखूश असणारे सिम्प्सन आणि फुक्स आले. क्लीन शीट ठेवली तर सगळ्यांना पिझ्झा, असं रानिएरींनी कबूल केलं होतं. ऑक्टोबरच्या शेवटी क्रिस्टल पॅलेसला १-० ने हरवल्यावर ते खेळाडूंना खरंच पिझ्झाच्या दुकानात घेऊन गेले आणि पिझ्झा ज्याचा त्याला बनवायला लावला.

त्या पॅलेस सामन्यापासून उरलेल्या २९ सामन्यांत लेस्टरने किती गोल खाल्ले? १९. पंधरा क्लीन शीट. हा आकडा व्हार्डीच्या सलग अकरा सामन्यांतल्या गोलांइतकाच मोठा आहे, पण तो कुणाच्या लक्षात राहत नाही. फेब्रुवारीत आर्सेनलने अगदी शेवटच्या क्षणी हरवलं, त्यानंतर शेवटपर्यंत बारा सामन्यांत एकही हार नाही. नॉर्विच, वॉटफर्ड, न्यूकॅसल, पॅलेस, साउदॅम्प्टन, सगळ्यांवर १-०. मधले बचावपटू मॉर्गन आणि हुथ पेनल्टी क्षेत्रात भिंतीसारखे उभे. त्यांच्यासमोर मधल्या फळीतला कान्ते, ज्याने मोसमात १७५ टॅकल केले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायातला बॉल अडवला. समोरच्याला बॉल देऊन जागा न देणं ही योजना होती, आणि ती रोज सरावाशिवाय जमत नाही. ६ फेब्रुवारीला मँचेस्टर सिटीच्या घरी ३-१ ने जिंकले, तो सामना परत पाहा. त्यातले दोन गोल हुथचे, म्हणजे सेंटर बॅकचे आहेत.

काही जण पैशाचा मुद्दा काढतात, की थाई मालक श्रीमंत होता. होता. दुसऱ्या श्रेणीत असताना २०१३-१४ च्या खर्चावरून वाद झाला आणि क्लबने पुढे लीगशी समझोता करून ३१ लाख पौंड भरले, हेही नोंदवतो. पण विजेतेपदाच्या वर्षी लेस्टरचा पगारखर्च सुमारे ८ कोटी पौंड होता आणि युनायटेडचा २३ कोटींच्या वर. व्हार्डी फ्लीटवुडहून सुमारे दहा लाखांना आला, महरेझ ल हाव्रहून पाच लाखांच्याही आत, फुक्स आणि ऑलब्रायटन तर फुकट. खेळाडू हेरणारे स्टीव्ह वॉल्श आणि त्यांच्या माणसांनी ठिकठिकाणी जाऊन पाहिलेल्या सामन्यांची ही कमाई आहे.

पुढच्या वर्षीचा बारावा क्रमांक? कान्ते चेल्सीला गेला, वॉल्श एव्हर्टनला. ज्या दोघांमुळे यंत्र चालत होतं, ते दोघेही गेले. कान्ते तिथे लगेच पुन्हा विजेता झाला, वर्षातला सर्वोत्तम खेळाडूही ठरला. महरेझने नंतर मँचेस्टर सिटीकडून चार वेळा लीग जिंकली. आणि त्याच 'फसलेल्या' वर्षात लेस्टर युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेच्या, चॅम्पियन्स लीगच्या, उपांत्यपूर्व फेरीत पोचलं, स्पेनच्या सेव्हियाला हरवून. लीगमध्ये मात्र घसरण झाली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये रानिएरींना काढलं. ते मला आजही लागतं.

राहिलं टॉटनहॅम. गोलफरक त्यांचा +३४, लेस्टरचा +३२, म्हणून ते खरे विजेते, असं सांगतात. शिवाय २ मेच्या रात्री चेल्सीच्या मैदानावर, स्टॅमफर्ड ब्रिजवर, टॉटनहॅम २-० ने पुढे असताना चेल्सीने बरोबरी साधली नसती तर, असंही. आपल्याकडे तेव्हा तारीख उलटून गेली होती. ८३ व्या मिनिटाला चेल्सीच्या हॅझार्डने बरोबरीचा गोल केला आणि जेतेपद लेस्टरकडे गेलं, तेव्हा शेजारी जागे होतील म्हणून मी तोंडावर उशी दाबून धरली होती. पण हिशेब करू या. त्या सामन्याआधी टॉटनहॅमचे ६९ गुण होते, तीन सामने बाकी. चेल्सीशी बरोबरी झाली, मग ते साउदॅम्प्टनशी हरले, आणि आधीच रेलिगेट झालेल्या, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरलेल्या, न्यूकॅसलकडून ५-१ ने. समजा तिन्ही सामने जिंकले असते, तरी विजयाला तीन गुण धरून ७८ होतात. लेस्टरने ८१ केले.