यलो अलर्ट आला, पाऊस नाही. म्हणून अंदाज खोटा?

गेला आठवडाभर सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो पाच ठिकाणांहून आला. म्हणणं असं की वळवाच्या दिवसांत हवामान खात्याचा अंदाज बघून शेती करू नका. त्याला कारणं चार दिलीत. यलो अलर्ट देतात आणि थेंब पडत नाही. मोबाइलमधलं अ‍ॅप आपल्या गावाचा पंधरा दिवसांचा तासातासाचा अंदाज देतं, खातं मात्र ‘तुरळक ठिकाणी’ असं मोघम बोलतं. सोलापुरात विमानं उडवून ढगांशी खेळ केला, तेव्हापासून गारा वाढल्या. आणि शेवटचं, आधी कळून तरी काय उपयोग, गारा काय हाताने अडवता येतात? खाली ‘प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोचवा’.

लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. मोहोळ तालुक्यात आमची तीन एकर डाळिंबाची बाग आहे आणि २०१४ च्या मार्चमधली गारपीट मी बांधावर उभी राहून पाहिली आहे. पण या मेसेजवर विसंबून उद्या कुणी कडबा उघडा ठेवला, कुणी सोसाट्याच्या वाऱ्याआधी औषध मारलं, तर नुकसान त्याचं होणार. म्हणून चारही मुद्द्यांना उत्तर देते.

पहिला मुद्दा यलो अलर्टचा. मागच्या एप्रिलमध्ये आमच्याकडे असंच झालं. अलर्ट होता, दुपारी आभाळ भरून आलं, वारं सुटलं आणि सगळं विरून गेलं. आमचे सासरे, आप्पा, म्हणाले, “झालं यांचं भाकीत.” अर्ध्या तासाने नणंदेचा फोन आला. आठ-नऊ किलोमीटरवरच्या तिच्या शिवारात लिंबाएवढ्या गारा पडल्या होत्या, कैऱ्यांचा सडा पडला होता. अंदाज खरा ठरला होता, फक्त आमच्या बांधावर नाही.

वळीव असाच येतो, कारण त्याचा ढग लहान असतो. आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर धावते. त्या सुमारास मराठवाड्यापासून कर्नाटकावरून तमिळनाडूकडे कमी दाबाचा पट्टा पसरलेला असला आणि समुद्रावरून बाष्प आलं, की दुपारी तीन-चारनंतर ढग बारा-बारा किलोमीटर उंच चढतात. साडेचार-पाच किलोमीटरच्या वर पाणी गोठायला लागतं. वर जाणारा वारा जोरकस असेल तर गार खाली पडण्याआधी बराच वेळ वरच तोलली जाते आणि मोठी होत राहते. पण असा एक ढग रुंदीला पाच-दहा किलोमीटरचा आणि आयुष्य साधारण तासाभराचं. आपला जिल्हा अकरा तालुक्यांचा, जवळपास पंधरा हजार चौरस किलोमीटरचा. करमाळ्यात कडकडाट चालू असताना अक्कलकोटला लख्ख ऊन असणं अगदी साहजिक आहे, आणि अलर्ट निघतो तो जिल्ह्यासाठी.

रंगांचाही अर्थ लावून घ्यायला हवा. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हालचाल करा. पिवळ्या रंगाने ‘तुमच्या गावात पाऊस पडणार’ असं वचन कधीच दिलेलं नाही. पावसाच्या आकड्याचाही घोळ होतो. खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे काल संध्याकाळी पडलेला पाऊस आजच्या तारखेच्या नोंदीत दिसतो. ‘काल पडला आणि आज दाखवतात’ ही तक्रार मी कितीदा ऐकली आहे. ती नोंद असते, अंदाज नव्हे.

दुसऱ्या मुद्द्यातला ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द तर मुळीच मोघम नाही. खात्याच्या भाषेत त्याला माप आहे. जिल्ह्यातल्या किंवा विभागातल्या पर्जन्यमापकांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी पाऊस म्हणजे तुरळक. पन्नास टक्क्यांपर्यंत म्हणजे काही ठिकाणी. पंचाहत्तरपर्यंत म्हणजे बऱ्याच ठिकाणी, आणि त्यापुढे बहुतांश ठिकाणी. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी गारपीट’ या वाक्यातच सांगितलेलं असतं की चारातल्या निदान तीन ठिकाणी गारा पडणार नाहीत. हे कळल्यापासून मी बातमीत आधी हा शब्द शोधते, रंग नंतर बघते.

आता अ‍ॅप. त्यावर आपल्या गावाचं नाव येतं म्हणून आपल्या गावाचा अंदाज आहे असं वाटतं. प्रत्यक्षात संगणक सगळ्या पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतो आणि आपलं गाव ज्या चौकोनात पडतं त्याचा आकडा गावाच्या नावाने दाखवतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाली. तिचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे, आणि ही जगातल्या बारीक जाळ्यांपैकी एक. बऱ्याच अ‍ॅपांमागचे चौकोन याहून मोठे असतात. वळवाचा ढगच पाच-दहा किलोमीटरचा. तो नेमका कोणत्या गावावर फुटेल हे पंधरा दिवस आधी ठरलेलंच नसतं, मग दिसणार कुठून? त्याचा जन्म त्याच दिवशी दुपारी व्हायचा असतो. चार-पाच दिवस आधी एवढं बऱ्यापैकी कळतं की बाष्प येणार का, हवा अस्थिर राहणार का. खातं तेवढंच सांगतं, आणि ते प्रामाणिकपणाचं आहे. पडताळा घ्यायचा तर वहीत लिहा. पंधरा दिवसांपुढची एक तारीख धरा आणि अ‍ॅप रोज त्या तारखेला काय दाखवतं ते टिपा. मी टिपलं. एकाच तारखेला आधी गारा, मग ऊन, मग ‘हलका पाऊस’.

विमानांच्या मुद्द्याला फार वेळ द्यायची गरज नाही. त्याच पुण्याच्या संस्थेने सोलापूर परिसरात २०१८ आणि २०१९ मध्ये प्रयोग केला होता, हे खरं. तो पावसाळ्यातल्या ढगांवर होता. ढगाच्या तळाशी क्षाराचे बारीक कण सोडायचे आणि पाऊस वाढतो का ते मोजायचं. त्याचा परिणाम त्या ढगापुरता, आणि ढगाचं आयुष्य वर सांगितलंच. आपल्या द्राक्ष-डाळिंबाची वाट लावणारी गारपीट २०१४ ची, म्हणजे प्रयोगाच्या चार वर्षं आधीची.

चौथा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. ‘कळून काय उपयोग?’ गारा अडवता येत नाहीत हे खरं. द्राक्षावर प्लॅस्टिकचं आच्छादन किंवा बागेवर जाळी सगळ्यांना परवडत नाही हेही खरं. पण वळीव नेतो त्यातलं बरंच काही वाचवता येतं, फक्त कोणत्या अंदाजावर कोणतं काम करायचं ते ठाऊक हवं.

चार-पाच दिवसांचा अंदाज कामाची आखणी करायला. खात्याच्या मेघदूत अ‍ॅपवर तो जिल्हावार मिळतो, आणि दर मंगळवारी व शुक्रवारी मराठीत कृषी सल्ला येतो. ज्वारी काढून शेतात पसरली असेल तर मोडणी आणि मळणी आधी उरकायची. कडबा एकदा भिजून काळा पडला की जनावरंही तोंड फिरवतात. काढलेला कांदा शेतात न ठेवता आडोशाला आणायचा. करमाळ्याकडच्या केळीवाल्यांनी वादळाच्या तोंडावर भरपूर पाणी देऊ नये, जमीन लोण्यासारखी झाली की घडाच्या वजनाने झाड मुळासकट पडतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे बेदाणा रॅकवर असेल तर शेडचे पडदे आणि कागद आधीच तपासून ठेवायचे, ऐन वाऱ्यात फाटका कागद सापडला तर माल काळा पडतो. जुळे सोलापूरला गच्चीवर टोमॅटो-मिरची लावणाऱ्या माझ्या बहिणीलाही हाच अंदाज पुरतो. ती कुंड्या आदल्या दिवशी कठड्यावरून खाली घेते आणि शेडनेटच्या दोऱ्या आवळते.

एक दिवस आधीचा अंदाज फवारणीसाठी. औषध मारल्यावर निदान चार-सहा तास उघडीप हवी आणि वारा शांत हवा. ज्या दुपारी मेघगर्जनेचा इशारा आहे त्या दिवशी पहाटे उरकत असेल तर उरकायचं, नाहीतर पंप धुऊन ठेवायचा. डाळिंबात हे जास्त महत्त्वाचं. गार लागली की फळाला, फांदीला जखम होते आणि तिथून तेल्या हा जिवाणूंचा रोग शिरतो. म्हणून इशारा असला की मी औषध आणि पंप तयार ठेवते. गारपीट झालीच तर फुटलेली फळं, मोडलेल्या फांद्या लगेच बागेबाहेर काढायच्या आणि केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीप्रमाणे फवारणी करायची. दोन दिवस वाट बघत बसलं की हातचं जातं.

आणि तीन तासांचा अंदाज हा वळवाचा खरा अंदाज. तो निघतो तेव्हा ढग जन्मलेला असतो, रडारवर दिसत असतो. आप्पा आभाळ बघून सांगतात तेही याच पल्ल्यातलं ज्ञान आहे, आणि मी ते मानते. एकदम गार वारं सुटलं, ओल्या मातीचा वास आला की हातात दहा-पंधरा मिनिटं उरतात, हे त्यांनीच मला शिकवलं. रडार तेच तासभर आधी सांगतं. तासाभरात ताडपत्री बांधून होते, पंधरा मिनिटांत होत नाही.

खात्याकडून सगळं नीट चाललंय असं मी म्हणत नाही. जिल्हा पातळीवरची कृषी हवामान केंद्रं बंद करण्याचा आदेश २०२४ च्या जानेवारीत निघाला, तो मला आजही चुकीचा वाटतो. अंदाज तालुक्याच्या पिकांत उतरवून सांगणारी माणसं आपल्याला आणखी हवी होती. मेसेज लिहिणाऱ्याने ही मागणी केली असती तर मीच तो पुढे पाठवला असता.

‘कळून काय उपयोग’ म्हणणाऱ्याने विजेचाही विचार करावा. पुण्याच्याच संस्थेचं दामिनी अ‍ॅप आपल्यापासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत पडणाऱ्या विजा दाखवतं. वळवात माणसं जातात ती बहुतेक विजेने. कडुलिंबाखाली शेळ्या घेऊन थांबलेली, काढणी अर्धी टाकून झाडाकडे धावलेली. वीज चमकल्यापासून आवाज यायला तीन सेकंद लागले तर ती एका किलोमीटरवर आहे. आमच्या घरी आता ठरलेलं आहे. गडगडाट ऐकू आला की गडीमाणसांसकट सगळे पक्क्या घरात येतात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी बाहेर पाऊल टाकत नाही, कडब्याची गंज अर्धी उघडी राहिली तरी.